नॅनोट्यूबवाला इपॉक्सी ग्लू: जॉइंट फुटायला लागला की कळतं, नीट चिकटलाय का ते नाही कळत

सरळ मुद्द्यावर येतो. इपॉक्सी ग्लूमध्ये कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळायच्या आणि जॉइंटलाच सेन्सर बनवायचं, ही आयडिया रिसर्च पेपरात वाचताना जेवढी सोपी वाटते तेवढी हातात घेतल्यावर राहत नाही, पण फालतू अजिबात नाही. मी तयार मास्टरबॅच वापरतोय, म्हणजे ट्यूब आधीच रेझिनमध्ये दाट घोटून दिलेल्या असतात, आपण फक्त आपल्या इपॉक्सीत हव्या तेवढ्या प्रमाणात पातळ करून घ्यायच्या. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण तक्रारी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा या प्रकारच्या कुठल्याही मालाला लागू पडतील. ५ पैकी साडेतीन स्टार. अर्धा स्टार कुठे गेला आणि अख्खा एक कुठे गेला ते खाली.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. कंपोझिटचे, म्हणजे काचेचे किंवा कार्बनचे फायबर रेझिनमध्ये बसवून केलेल्या मालाचे, दोन तुकडे जोडायचे तर बोल्ट मारा नाहीतर ग्लू लावा. बोल्टसाठी भोक पाडलं की फायबर कापले जातात आणि भोकाच्या कडेला स्ट्रेस गोळा होतो, त्यामुळे ग्लू बरा, वजनही वाचतं. पण ग्लूच्या जॉइंटचा स्वभाव असा की तो शेवटपर्यंत काही बोलत नाही. मशीनवर लोड-डिस्प्लेसमेंटचा ग्राफ छान सरळ चाललेला असतो आणि अचानक टक्क, दोन तुकडे वेगळे. मधल्या वेळात आत काय झालं, क्रॅक कधी सुरू झाली, किती आत गेली, याचा पत्ता नाही.

आता इपॉक्सी मुळात इन्सुलेटर. मल्टीवॉल, म्हणजे एकात एक भिंती असलेल्या, ट्यूबची जाडी साधारण १० नॅनोमीटरच्या घरात आणि लांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे जाडीच्या शंभर-दीडशे पट किंवा त्याहून जास्त लांब, त्यामुळे वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आसपास, नीट पसरल्या तर त्याहूनही कमी, ट्यूब टाकल्या तरी आतमध्ये करंट वाहील असं जाळं तयार होतं. हेच कार्बन ब्लॅकने, म्हणजे काजळीसारख्या पुडीने, करायला गेलात तर कितीतरी जास्त भर टाकावी लागते आणि ग्लू ग्लू राहत नाही. या ट्यूब एकमेकींना पूर्ण टेकलेल्या नसतात, मधे नॅनोमीटरभर इपॉक्सीची फट असते, इलेक्ट्रॉन ती टनेलिंगने, म्हणजे न टेकताच पलीकडे झिरपून, पार करतात, आणि फट जराशी वाढली तरी रेझिस्टन्स एक्स्पोनेन्शियल चढतो. म्हणून जॉइंट ताणला की रेझिस्टन्स थोडा बदलतो, आणि क्रॅक गेली की तिथलं जाळंच तुटतं. ताण सोडला की पहिला बदल परत जागेवर येतो, दुसरा बराचसा तसाच राहतो. अख्खा खेळ या फरकावर आहे.

१९९१ ला जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमांचा नॅनोट्यूबवरचा पेपर आल्यापासून या ट्यूबच्या नावाने इतका गाजावाजा झालाय की स्पेस एलिव्हेटरपर्यंत गाडी गेली, त्या मानाने हा उपयोग एकदम जमिनीवरचा. २००६ मध्ये डेलावेअर युनिव्हर्सिटीच्या थॉस्टेन्सन आणि चौ यांनी ग्लास फायबर कंपोझिटच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे फायबरना धरून ठेवणाऱ्या रेझिनमध्ये, असं जाळं टाकून डॅमेज पकडता येतं ते दाखवलं, त्यानंतर लॅमिनेटवरून, म्हणजे थर रचून केलेल्या कंपोझिटवरून, ही गोष्ट ग्लूच्या जॉइंटवर यायला फार वेळ लागला नाही.

तर माल. डबा उघडला की आत काळीकुट्ट घट्ट पेस्ट. मास्टरबॅच घ्यायचं मोठं कारण म्हणजे कोरडी पावडर हाताळावी लागत नाही, आणि ते कारण मला पुरेसं आहे. कोरड्या ट्यूब हवेत उडतात, अमेरिकेच्या नायॉश या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने २०१३ मध्ये हवेतल्या ट्यूबसाठी शिफारस केलेली मर्यादा दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे, ८ तासांच्या सरासरीने, आणि एमडब्ल्यूसीएनटी-७ नावाच्या एका प्रकाराला आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २बी म्हणजे ‘कॅन्सर होण्याची शक्यता’ या गटात टाकलंय. तेव्हा पावडर आणून स्वतः सोनिकेटरमध्ये, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या घुसळणयंत्रात, घुसळणं हे ज्यांच्याकडे नीट फ्यूम हूड आणि फिल्टर आहेत त्यांनीच करावं. शिवाय सोनिकेशन जास्त झालं की ट्यूब तुटून आखूड होतात आणि आखूड ट्यूबचं जाळं बनवायला जास्त माल लागतो. थ्री रोल मिलमधून काढलेला माल त्यापेक्षा बरा, रोलमधली फट शेवटी ५ मायक्रॉनपर्यंत आणतात आणि गुठळ्या सोलून निघतात. हा डबा तसाच बनवलेला आहे असं कंपनी सांगते आणि मायक्रोस्कोपखाली थेंब बघितला तर ते पटतं, मोठ्या गुठळ्या जवळजवळ नाहीतच. डब्यात पेस्ट आहे म्हणून क्युअर झालेला, म्हणजे पूर्ण कडक झालेला, जॉइंट घासताना मास्क काढू नका मात्र, धूळ ती धूळच.

मिक्सिंगमध्ये एक गोष्ट नवीन माणसाला फसवते. समजा मास्टरबॅचमध्ये ५ टक्के ट्यूब आहेत आणि तुम्हाला शेवटच्या मिश्रणात ०.५ टक्के हव्यात, तर १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम मास्टरबॅच. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पण त्या १० ग्रॅममधले साडेनऊ ग्रॅम हे इपॉक्सी रेझिन आहे आणि त्यालाही हार्डनर, म्हणजे रेझिनला कडक करणारा दुसरा भाग, लागतो, आणि शंभर ग्रॅम म्हणजे हार्डनर धरून शंभर. हा हिशोब चुकला तर जॉइंट अर्धवट क्युअर होऊन मऊ राहतो आणि मग आपण ट्यूबना शिव्या घालतो. कंपनीने सोबत दिलेल्या कागदावर या हिशोबाचं एक उदाहरण द्यायला काय हरकत होती? अर्धा स्टार इथेच गेला.

घट्टपणा वाढतो, हे मान्य करून चाला. ०.५ टक्क्याला ग्लू उभ्या भिंतीवरून ओघळत नाही, ते एका अर्थी बरंच, पण हवा अडकते आणि व्हॅक्युममध्ये ठेवली तरी बुडबुडे फुटायला वेळ लावतात. १ टक्क्याच्या वर तर जायचंच नाही, ग्लू पसरत नाही, गुठळ्या होतात, आणि प्रत्येक गुठळी म्हणजे आत ठेवलेली तयार खाच. कमी प्रमाणात नीट पसरलेल्या ट्यूब असल्या तर फ्रॅक्चर टफनेस, म्हणजे क्रॅक अडवायची ताकद, थोडा सुधारतो असं बऱ्याच जणांनी दाखवलंय, पण त्यासाठी हा माल घेऊ नका. टफनेस हवा असेल तर रबर टफन्ड ग्लू मिळतो, स्वस्तात आणि डोकेदुखीशिवाय.

आणखी एक, ज्याचा उल्लेख कुठेच नसतो. ग्लास फायबरचे तुकडे साध्या पारदर्शक इपॉक्सीने चिकटवले की उजेडासमोर धरून बघता येतं, कुठे बुडबुडा राहिला, कुठे ग्लू पोचलाच नाही, सगळं दिसतं. ट्यूब टाकल्या की ग्लू डांबरासारखा काळा, आणि ही फुकटची तपासणी गेली. म्हणजे डॅमेज दिसावं म्हणून सेन्सर घातला आणि डोळे बंद केले. गंमतच आहे.

आता इलेक्ट्रोड, आणि इथे जरा रेंगाळणार आहे कारण निम्म्याहून जास्त लोक इथेच हरतात. एकाच ग्लूचा एकच जॉइंट, पण करंट कुठून कुठे पाठवताय त्यावर अख्खा प्रकार बदलतो. साधा सिंगल लॅप जॉइंट घ्या, म्हणजे एका तुकड्याचं टोक दुसऱ्यावर ठेवून चिकटवलेला, रुंदी २५ मिलीमीटर, ओव्हरलॅप म्हणजे एकमेकांवर आलेला भाग १२.५, ग्लूची जाडी ०.२. समजा क्युअर झालेल्या ग्लूची कंडक्टिव्हिटी ०.१ सीमेन्स प्रति मीटर आहे. करंट जाडीतून, म्हणजे वरच्या तुकड्यातून खालच्या तुकड्यात पाठवला तर रेझिस्टन्स येतो साधारण ६.४ ओहम. तोच करंट ग्लूच्या थरातून आडवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २५ मिलीमीटर पाठवला तर १ लाख ओहम. तोच ग्लू! पहिल्या केसमध्ये वायर, क्लिप आणि चांदीच्या पेंटचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स मिळून तुमच्या सिग्नलएवढा होऊ शकतो, तिथे फोर वायर मेजरमेंटशिवाय, म्हणजे करंटच्या दोन आणि व्होल्टेजच्या दोन वेगळ्या वायर लावल्याशिवाय, पर्याय नाही, साध्या मल्टीमीटरच्या दोन प्रोब लावून जो आकडा येतो त्याला काही अर्थ नाही. दुसऱ्या केसमध्ये वायरचं टेन्शन नाही पण घामाचा हात लागला, दमट हवा असली तर वरून गळती होते आणि आकडा हलतो.

तुकडे कार्बन फायबरचे असतील तर ते स्वतःच कंडक्टर, मग जाडीतून जाणं ओघानेच आलं, तुकडेच इलेक्ट्रोड. पण लॅमिनेटच्या पृष्ठभागावर रेझिनची पातळ कातडी असते, ती इन्सुलेटर, ती सगळीकडे एकसारखी घासली नाही तर एका स्पेसिमेनमध्ये ५ ओहम आणि शेजारच्यात ५०, आणि मग लोक म्हणतात माल खराब. वायर जोडायच्या टोकालाही फायबर उघडे पडेपर्यंत हलक्या हाताने घासा, चांदीचा पेंट किंवा सिल्व्हर इपॉक्सी, त्यावर तांब्याची वायर, आणि वायरला कुठेतरी टेपने आधार द्या, नाहीतर लोड लागल्यावर जॉइंटच्या आधी वायर सुटते आणि ग्राफमध्ये सुंदर उडी दिसते जी क्रॅकची नसते. तुकडे ग्लास फायबरचे असतील तर ते इन्सुलेटर, तिथे ग्लूच्या थरालाच बाजूने इलेक्ट्रोड लावावे लागतात, आडवा करंट.

हां, आणि यूटीएमच्या, म्हणजे जॉइंट ओढून तोडणाऱ्या टेस्टिंग मशीनच्या, जबड्यांचं बघा. दोन्ही जबडे धातूचे आणि मशीनच्या फ्रेममधून एकमेकांना जोडलेले. कार्बनचा स्पेसिमेन तसाच पकडला तर करंट जॉइंटमधून जाण्याऐवजी मशीनमधून फिरून येतो, रेझिस्टन्स मस्त स्थिर दिसतो, जॉइंट तुटून पडला तरी स्थिरच. टोकांना ग्लास फायबरचे टॅब, म्हणजे पकडीसाठीच्या पट्ट्या, चिकटवले की हा प्रश्न मिटतो, आणि टॅब तसेही लावायचेच असतात.

फिल्म ग्लूवाल्यांसाठी, म्हणजे पातळ चादरीच्या रूपात येणारा ग्लू वापरणाऱ्यांसाठी, वेगळी अडचण. विमानात वापरतात त्या बहुतेक फिल्ममध्ये आधारासाठी पातळ विणलेलं कापड असतं, जाडी सारखी राहावी म्हणून. पेस्टमधल्या ट्यूब त्यातून गाळल्या जातात. त्यावर उपाय म्हणून ट्यूबचा लेप दिलेली पातळ जाळीदार चादर, अरॅमिडची वगैरे, थरात घालतात, म्हणजे जाळं कापडावरच आणि ग्लू नेहमीचा. मला विचाराल तर ही वाट जास्त शहाणपणाची आहे, ग्लूची मिक्सिंग, घट्टपणा, गुठळ्या ही सगळी भानगडच नाही आणि जाडीही आपोआप सांभाळली जाते.

आता प्रत्यक्ष टेस्ट. इथे माल पैसे वसूल करतो. स्टेपमध्ये लोड द्या, थोडा लोड, परत शून्य, त्याहून थोडा जास्त, परत शून्य. सुरुवातीच्या स्टेपना रेझिस्टन्स लोडबरोबर थोडासा चढतो आणि शून्याला परत जवळजवळ जुन्या आकड्यावर येतो. मग एका स्टेपला चढाव वाकतो, आणि लोड काढला तरी आकडा पूर्ण खाली येत नाही, थोडा वर लटकून राहतो. लोड-डिस्प्लेसमेंटचा ग्राफ अजून सरळच आहे, त्याला काही माहीत नाही. पुढच्या स्टेपला शिल्लक आणखी वाढते, पायऱ्या पायऱ्यांनी चढते, आणि तुटण्याच्या आधी एकदम वर जाते. मधेच थांबवून ओव्हरलॅपचं टोक कापून पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर क्रॅक तिथेच, फिलेटच्या, म्हणजे कडेला बाहेर आलेल्या ग्लूच्या, मुळाशी, जिथे १९३८ च्या फोल्करसेनच्या गणितापासून सगळे सांगत आलेत की ताण ओव्हरलॅपच्या टोकांना एकवटतो. पहिल्यांदा हे जुळलेलं बघितलं की खरंच बरं वाटतं.

जाडीतून मोजत असाल तर हिशोबही सोपा. रेझिस्टन्स हा धरून असलेल्या एरियाच्या उलट प्रमाणात, त्यामुळे १० टक्के एरिया सुटला तर रेझिस्टन्स साधारण ११ टक्के वाढतो, अर्धा सुटला तर दुप्पट. म्हणजे सुरुवातीची छोटी क्रॅक छोटाच सिग्नल देते आणि शेवटी शेवटी सिग्नल जोरात, पण तेव्हा उशीर झालेला असतो. डीसीबी टेस्टमध्ये, म्हणजे चिकटलेल्या दोन पट्ट्या एका टोकाने उकलत जाणाऱ्या टेस्टमध्ये, क्रॅक समोरून सरळ जाते, तिथे हा हिशोब छान बसतो. लॅप जॉइंटमध्ये क्रॅक दोन्ही टोकांकडून आत येते आणि तुम्हाला बेरीज कळते, कुठून किती ते नाही. जागा शोधायची तर कडेने बरेच इलेक्ट्रोड लावून ईआयटीसारखं, म्हणजे कडेच्या रेझिस्टन्सच्या मोजमापांवरून आतलं चित्र काढण्यासारखं, काहीतरी करायचं, पण प्रत्येक जादा वायर म्हणजे तुटायची एक जादा जागा, आणि जागा कळते तीही धूसर.

आणि एक पाळायलाच हवं: शून्यावरची शिल्लक बघाच, पण वाचन लोडखालीही घ्यायचं. लोड काढला की क्रॅकचे दोन्ही चेहरे परत एकमेकांना टेकतात, जाळं परत थोडं जुळतं, आकडा बराच खाली येतो आणि नुकसान आहे त्यापेक्षा कमी वाटतं. फटीगमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा लोड देण्याच्या टेस्टमध्ये, तर प्रत्येक सायकलच्या पीकला वाचन घ्या, सरासरी घेऊन बसलात तर निम्मी माहिती पुसली जाते.

आता तो अख्खा स्टार. या मालाच्या जाहिरातीत, आणि खरं सांगायचं तर कितीतरी पेपरांच्या प्रस्तावनेतही, सूर असा असतो की आता ग्लूच्या जॉइंटवर विश्वास ठेवता येईल. नाही येत. ग्लूच्या जॉइंटचा खरा शत्रू क्रॅक नाही, तर न चिकटलेला पण टेकून बसलेला जोड, ज्याला किसिंग बाँड म्हणतात. पृष्ठभागावर रिलीज एजंट, म्हणजे साच्याला चिकटू नये म्हणून लावलेला लेप, राहिला, सिलिकॉन राहिलं, ओलसर होतं, ग्लू नीट पसरला आणि क्युअर झाला पण धरला नाही. आता विचार करा नॅनोट्यूबच्या जाळ्याला यातलं काय दिसणार. जाळं ग्लूच्या पोटात आहे, अखंड आहे, रेझिस्टन्स एकदम नॉर्मल. ग्लास फायबरच्या जॉइंटमध्ये आडवा करंट असेल तर ग्लू एका तुकड्यावरून पूर्ण सुटून दुसऱ्यावर सालपटासारखा चिकटून राहिला तरी जाळ्याला फारसं काही कळत नाही, कारण क्रॅक त्याला छेदून गेलीच नाही. कार्बनमध्ये करंट दोन्ही इंटरफेस ओलांडतो म्हणून सुटल्यावर कळतं, पण सुटल्यावर. किसिंग बाँड टेकलेला आहे तोपर्यंत करंट जातोय, आणि किती ताकदीने धरलाय हे करंटला विचारून उपयोग नाही. हे जाळं बदलाचा साक्षीदार आहे, ताकदीचं सर्टिफिकेट नाही.

तुटलेले चेहरे बघून हे नेहमी ताडून घ्या. एएसटीएम डी५५७३ या अमेरिकन स्टँडर्डमध्ये कंपोझिट जॉइंटच्या तुटण्याचे प्रकार दिलेत: ग्लूच्या पोटातून तुटलं, इंटरफेसवरून सुटलं, की तुकड्याचाच वरचा थर फायबरसकट उपटून आला. पहिल्या प्रकारात नॅनोट्यूबचा सिग्नल देखणा येतो आणि पेपरात छापलेले ग्राफ बहुतेक त्याचेच असतात. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे क्रॅक ग्लू सोडून लॅमिनेटमध्ये शिरली की, ग्लास फायबरवर सिग्नल मेला, आणि मजा म्हणजे सरफेस प्रेप जितकी चांगली तितका हा प्रकार जास्त. त्यासाठी पहिल्या थराच्या मॅट्रिक्समध्ये किंवा फायबरच्या सायझिंगमध्येही, म्हणजे फायबरवरच्या लेपातही, ट्यूब हव्यात, म्हणजे काम आणखी वाढलं.

विमानवाल्यांचा नियम वाचला की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, २००९ च्या एसी २०-१०७बी या मार्गदर्शक कागदात ज्या बाँडेड जॉइंटच्या तुटण्याने विमान गमवावं लागू शकतं त्यासाठी तीन वाटा आहेत: डिझाइनच असं करा की सुटणं ठरावीक मर्यादेत थांबेल, किंवा प्रत्येक जॉइंट लिमिट लोडपर्यंत, म्हणजे वापरात येईल अशा सर्वाधिक लोडपर्यंत, ओढून दाखवा, किंवा प्रत्येक जॉइंटची ताकद खात्रीने सांगणारी, पुन्हा पुन्हा तोच निकाल देणारी तपासणी दाखवा. तिसऱ्या वाटेवर अजून कोणी धड चालू शकलेलं नाही, म्हणून ग्लू लावून वर रिव्हेट मारतात ज्याला लोक हसून चिकन रिव्हेट म्हणतात. नॅनोट्यूब ही तिसरी वाट उघडत नाहीत. पहिल्या वाटेला मदत करतील, सुटणं कुठपर्यंत आलंय ते सांगतील, आणि तेही कमी नाही.

बाकी पर्यायांशी तुलना करायची तर, अल्ट्रासॉनिक सी-स्कॅन, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेला आतला नकाशा, पोकळी आणि उघडी फट मस्त दाखवतो, पण जॉइंटपर्यंत पोचायला जागा लागते, पाणी किंवा जेल लागतं, आणि किसिंग बाँड त्यालाही दिसत नाही. फायबर ऑप्टिक एफबीजी, म्हणजे ताण मोजणारा काचेच्या तंतूतला सेन्सर, अचूक आहे पण नुसती काच १२५ मायक्रॉन आणि कोटिंगसकट २५० मायक्रॉनची, ०.२ मिलीमीटरच्या ग्लूच्या थरात ती घालणार कुठे? तिच्यापेक्षा थर पातळ आहे. अकूस्टिक एमिशन, म्हणजे तुटतानाचे आवाज टिपणारं तंत्र, सगळं ऐकतं, जबडा सरकलेलाही. पाठीमागे चिकटवलेला साधा स्ट्रेन गेज क्रॅक टोकाकडून आत आली की बऱ्यापैकी सांगतो आणि कटकट नाही, फक्त तो एका ठिकाणचंच बोलतो. नॅनोट्यूबची जमेची बाजू ही की अख्खा थरच सेन्सर आहे आणि जॉइंटमध्ये परकं काही घुसवलेलं नाही.

तापमानाचं न बोललेलं बरं, पण बोलावं लागेल. ग्लू गरम झाला की रेझिस्टन्स बहुतेक वेळा खाली सरकतो, टीजीच्या, म्हणजे ग्लू मऊ पडायला लागतो त्या तापमानाच्या, जवळ गेलात की वागणं बदलतं, ओल पिऊन इपॉक्सी फुगला की वर जातो, आणि हे सरकणं सुरुवातीच्या क्रॅकच्या सिग्नलएवढं सहज असू शकतं. लॅबमध्ये शेजारी तसाच, लोड नसलेला एक जॉइंट ठेवून ब्रिज सर्किटमध्ये जोडला की बराचसा भाग कटतो. बाहेर उन्हात-पावसात फिरणाऱ्या पवनचक्कीच्या पात्यावर हे कसं सांभाळायचं हा मोठाच प्रश्न आहे, तिथे मी तरी एकट्या नॅनोट्यूबच्या भरवशावर निर्णय घेणार नाही. मोजण्याचा करंटही लहानच ठेवा, जास्त दिलात तर ग्लू स्वतःच गरम होतो आणि मग तुम्ही स्वतःच केलेलं तापमान मोजत बसता.

ॲल्युमिनियमला कार्बन चिकटवणाऱ्यांनी तर दोनदा विचार करा. साधा ग्लू त्या दोघांमध्ये इन्सुलेटर म्हणून बसतो आणि ओल आली तरी गॅल्व्हनिक करोजन, म्हणजे दोन वेगळे कंडक्टर जोडल्याने होणारी झीज, रोखतो. त्यातच ट्यूब घालून करंटचा रस्ता उघडला तर ॲल्युमिनियम खाल्लं जायची सोय आपणच केली.

मग घ्यावा का? लॅबमध्ये जॉइंटच्या डिझाइनची तुलना करायची असेल, क्रॅक नेमकी कोणत्या लोडला सुरू होते ते हवं असेल, फटीगमध्ये वाढ बघायची असेल, तर नक्की घ्या, आणि तुकडे कार्बनचे असतील तर आणखी आनंदाने. विकायच्या वस्तूत घालून ग्राहकाला ‘हा जॉइंट स्वतःची काळजी घेतो’ असं सांगायचं असेल तर थांबा.

कंपनीला एक मागणी मात्र आहे. डेटाशीटवर ट्यूब किती टक्के, शुद्धता किती, व्यास किती हे सगळं ठळक छापलंय, पण जे कामाचं आहे, म्हणजे अमुक हार्डनर, अमुक तापमानाला क्युअर, आणि त्यानंतरची कंडक्टिव्हिटी, ते नाही. गरम क्युअर करताना ग्लू आधी पातळ होतो, ट्यूब हलून परत एकत्र येतात आणि जाळं घट्ट होतं, म्हणून त्याच डब्यातला माल रूम टेंपरेचरला क्युअर केला की एक आकडा आणि ओव्हनमध्ये केला की दुसराच, कधी कधी दहापट फरकाने. तीन-चार क्युअर सायकलचा एक छोटा तक्ता छापा, प्रत्येक बॅचचा वेगळा, आणि डब्याच्या झाकणावरच चिकटवा, कारण कागद हरवतो.